हौद असलेले घर

ज्यांचे बरे चालले आहे अशी कुटुंबे आपले राज्य सोडून दुसऱ्या राज्यात राहायला का जातात, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला घेतले. दुष्काळामुळे किंवा काम नसल्यामुळे गाव सोडावे लागणे ही वेगळी गोष्ट आहे. तिचे कारण वेगळे शोधावे लागत नाही. माझा प्रश्न त्या कुटुंबांविषयी आहे, ज्यांना नोकरी आहे, डोक्यावर छप्पर आहे, आणि तरीही जी एके दिवशी सामान बांधतात. विचारले तर सांगतात की तिकडे परवडते, तिकडचे राहणीमान बरे आहे. ही दोन्ही उत्तरे खोटी नाहीत. ती पुरेशी आहेत का, एवढेच मला पाहायचे होते.

मी सोलापुरातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवत असे. स्थलांतराचा पाठ आला की फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ मारायची, डावीकडे माणसाला गावातून ढकलणारी कारणे लिहायची आणि उजवीकडे शहराकडे ओढणारी, ही माझी ठरलेली पद्धत होती. मुले भराभर कारणे सांगत आणि घंटा होण्याच्या आत दोन्ही बाजू भरत. पाठ संपला असे त्यांना वाटे, मलाही वाटे. निवृत्तीनंतर तोच पाठ माझ्या घरात सुरू झाला, तेव्हा मात्र तो एका तासिकेत आटोपला नाही.

घरातील माणसांची ओळख आधी करून देतो. मी आणि माझी पत्नी, आमचा एकुलता एक मुलगा, सून आणि नात. मुलगा पुण्यात एका संगणक कंपनीत नोकरीला होता. लग्नानंतर पहिले वर्ष ती दोघे पुण्यातच राहिली. जागा कंपनीपासून जवळ घ्यावी तर भाडे झेपत नसे, आणि झेपेल तिथे घ्यावी तर दिवस रस्त्यावर जाई. सून बाळंतपणासाठी मंद्रूपला माहेरी आली, तिथून रीतीप्रमाणे आमच्याकडे सोलापूरला आली आणि पुन्हा पुण्याला गेली नाही. कोणी तसे ठरवले नव्हते. बाळ जरा मोठे होऊ दे, पावसाळा जाऊ दे, असे करता करता नात पहिलीत गेली. मुलगा पुण्यात दोन मित्रांबरोबर एका खोलीत राही, शुक्रवारी संध्याकाळी गाडीत बसे आणि रविवारी जेवून परत जाई.

या व्यवस्थेत उघड दुःख असे काही नव्हते. शनिवारी आमच्याकडे शेंगाची पोळी किंवा तसेच काही व्हायचे. मुलगा दुपारभर झोपायचा, नात त्याच्या उशाशी चित्रे काढत बसायची आणि त्याने कूस बदलली की त्याला एकेक दाखवायची. सून मात्र माहेरी जायची टाळाटाळ करू लागली होती. मंद्रूपच्या बाजारात तिची एक चुलती भेटली आणि भाजी निवडता निवडता चारचौघींत म्हणाली, "नवरा पुण्यात, तू सोलापुरात. भांडण हाय का नोकरी हाय, एकदा नीट सांग की बाई, आमी तरी गप बसतो." सगळ्या हसल्या, सूनही हसली. हे तिने माझ्या पत्नीला सांगितले आणि पत्नीने मला. सांगताना सून पुढे एवढेच म्हणाली होती की, लग्नाला सात वर्षे झाली, पण आठवड्याच्या मधल्या वारी आम्ही तिघे एका ताटाभोवती कधी बसलो, ते आठवावे लागते.

सुनेला काय हवे होते ते या एका वाक्यात आले आहे. पुढचे सर्व त्याभोवतीच घडले, म्हणून ते इथे नोंदवून ठेवतो.

हैदराबादचा विषय मुलाने काढला. त्याच्या कंपनीची तिथे शाखा होती, पगार तोच राहणार होता, आणि तिथे बदली घेतलेले सहकारी सांगत होते की पुण्यात ज्या भाड्यात एक खोली मिळते त्यात तिथे पूर्ण घर मिळते. रस्ते रुंद, शाळा चांगल्या, शिवाय सोलापूरहून थेट गाडी. नकाशाच्या दृष्टीने पाहिले तर पुणे आणि हैदराबाद आम्हाला जवळजवळ सारखेच. एक मावळतीला, एक उगवतीला. पण पत्नीला ते सारखे वाटेना. पुणे म्हणजे आपले, हैदराबाद म्हणजे परके राज्य. तिथे दुकानाची पाटीसुद्धा वाचता येणार नाही, असे ती म्हणाली.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांच्या घराण्यात मागाचे काम चाले; घरात अजूनही तेलुगू बोलतात आणि ओट्यावर मराठी. त्यांना ही बातमी कळली तेव्हा ते कुंपणापाशी उभे राहून म्हणाले, "सर, आमचे पणजोबा पोटासाठी तिकडनं हिकडं आले. तुमचा पोरगा हिकडनं तिकडं चालला. आता आमचं तिकडचं शेत तेवढं कुणी खाल्लं, त्याला बघून यायला सांगा." पत्नीने पाटीची अडचण त्यांच्यापुढे मांडली. त्यावर ते म्हणाले की आमच्या पणजीला सोलापूरची पाटी वाचता येत नव्हती, तिकडचीही येत नव्हती, आणि ती दोन्हीकडे कधी चुकली नाही.

बदली मंजूर झाली आणि घर बघायला आम्ही चौघे गेलो; नातीला दोन दिवस मंद्रूपला ठेवले होते. आता जे घडले ते नीट समजण्यासाठी सोलापुरातील एका व्यवस्थेची माहिती आवश्यक आहे. जे सोलापूरचे आहेत त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.

आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी येते, त्याला आम्ही पाण्याचा दिवस म्हणतो. त्या दिवशी कोणी गावाला जात नाही, पाहुण्याला बोलावत नाही, शक्यतो डॉक्टरकडेही जात नाही. घराखाली हौद असतो, गच्चीवर टाकी असते, न्हाणीघरात पिंपे असतात, आणि ती सगळी भरली की स्वयंपाकघरातील पातेली भरतात. नवे पाणी आले की उरलेले जुने पाणी शिळे ठरते. ते अंगण धुवायला आणि झाडांना जाते. लग्न जमवताना मुलीकडची माणसे मुलाच्या घरी येतात, तेव्हा त्यांतील एखादी जाणती बाई बोलत बोलत मागे जाऊन हौद पाहून येते. हे कोणी शिकवत नाही. सून मंद्रूपसारख्या गावातून आलेली, तिथेही पाणी जपूनच वापरायचे, आणि आमच्या घरात आल्यापासून पाण्याचा दिवस तिच्याकडे होता. वार चुकला तरी तो दिवस तिच्याकडून कधी चुकला नाही.

हैदराबादेत पहिले घर दाखवले ते मुलाच्या कंपनीपासून पायी जाण्याच्या अंतरावर होते. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. खोल्या लहान, पण उजेड भरपूर. मालकीणबाई दखनी बोलत. ती बोली सोलापुरात ऐकून माहीत असल्यामुळे आमची अडचण झाली नाही. सुनेने मागील दार उघडून पाहिले. तिथे कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी होती. मग तिने पाणी किती दिवसांनी येते असे विचारले. बाईंना प्रश्न कळला नाही. तिने पुन्हा विचारले. बाईंनी उत्तर देण्याऐवजी स्वयंपाकघरातला नळ सोडून दाखवला आणि म्हणाल्या, "खोलो, आता. बंद करो, जाता. और क्या होना तुमकू?"

इमारतीच्या खाली टाकी होती, कूपनलिका होती, आणि नळाला केव्हाही पाणी असे. मुलगा म्हणाला की झाले तर मग. सून त्या वाहत्या नळाकडे पाहत होती. तिने हात पुढे करून तो स्वतः बंद केला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, येतंय ते कळलं. न्हाय आलं तर साठवायचं कुटं?"

आम्हाला तो प्रश्न चुकीचा आहे असे वाटलेच नाही. पत्नी म्हणाली, खरे आहे, एक पिंप ठेवायचे म्हटले तरी दार लागणार नाही. मीही मान डोलावली. मुलगा इतकी वर्षे पुण्यात राहिल्यामुळे पाण्याचा विचार करायचा विसरला होता. त्याने थोडा विरोध केला, पण घर सांभाळणार ती, असे म्हणून तोही थांबला.

दुसऱ्या दिवशी शहराच्या कडेला, जिथे अजून मधूनमधून मोकळी रानेच आहेत, तिथे एक बैठे घर पाहिले. तीन खोल्या, पुढे अंगण, कडेला लिंबाचे झाड आणि अंगणाखाली स्वतंत्र हौद. मालकाने हौदाचे लोखंडी झाकण उचलले. सून गुडघ्यांवर बसून आत डोकावली. पत्नीही डोकावली. दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि घर ठरले. भाडे पहिल्या घरापेक्षा कमीच होते. शाळा जवळ, हवा स्वच्छ. माझ्या फळ्यावरच्या रेघेच्या उजव्या बाजूला जे जे म्हणून लिहिता आले असते, ते सगळे त्या घरात होते. उणे एवढेच की मुलाची कंपनी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. रस्ते चांगले आहेत, असे आम्ही सर्वांनी म्हटले.

शाळा सुरू होण्यापूर्वी ती तिघे गेली. सामानात दोन प्लास्टिकची पिंपे होती. ती ट्रकमध्ये शेवटी चढवली, कारण उतरवताना आधी हाताशी यावीत. पत्नीने शेंगाची चटणी आणि कडक भाकरीची चळत दिली. शेजारच्या गृहस्थांनी नातीला तेलुगूतली दहापर्यंतची उजळणी शिकवून पाठवले आणि वर बजावले की तिकडच्या पोरांनी तुझ्या बोलण्याला हसले तर सांग, हे सोलापूरचे तेलुगू आहे, जुने आणि पक्के.

दूरध्वनीवर सर्व कुशल असे. सून पहिल्या महिन्यात रोज सगळी भांडी भरून ठेवी आणि रोज सकाळी शिळे पाणी म्हणून लिंबाला घाली. शेवटी मालकाने हात जोडून विचारले की अम्मा, त्या झाडावर तुमचा काय राग आहे. हे ती स्वतःच हसत सांगे. नातीच्या वर्गात मैत्रिणी झाल्या. बागेत सकाळी साडीखाली बूट घातलेल्या बायका चालायला येतात हे ऐकून पत्नीने सोलापुरातच तसे बूट विकत घेतले, आणि ते घेऊनच आम्ही दिवाळीनंतर त्यांच्याकडे गेलो.

आम्ही तिथे आठवडाभर होतो. पहिल्या दोन दिवसांत मला काही जाणवले नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की मी मुलाला अजून उजेडात पाहिलेले नाही. नात उठायच्या आत तो निघून जाई, आणि ती झोपल्यावर परत येई. बस बदलून जावे लागे. आधी मोटारसायकलने जात असे, पण एकदा घसरून पडल्यावर सुनेनेच ते बंद करवले होते. संध्याकाळी सून आणि नात जेवत आणि त्याचे ताट झाकून ठेवलेले असे. सुनेने याविषयी तक्रार केली नाही. तक्रार कोणाविरुद्ध करणार? घर तिने निवडले होते.

रविवारी सकाळी सगळे अंगणात बसलो होतो. पत्नीने पोहे केले होते. मुलगा नातीच्या पायात नवे सँडल घालून पाहत होता. तिने पाय पुढे केला होता आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून तोल सांभाळला होता. तशीच उभी राहून तिने विचारले,

"पप्पा, आज तुमची गाडी किती वाजता आहे?"

मुलगा म्हणाला, कुठली गाडी, मी इथेच तर राहतो. तिने थोडा विचार केला आणि खात्री करून घ्यावी तसे म्हटले, "म्हणजे उद्या पण असणार?"

तो सँडलचा पट्टा लावत राहिला. पत्नी पोहे वाढायच्या निमित्ताने आत गेली. सून बसली होती तिथेच होती. तिने नातीला जवळ घेतले नाही. तिचा चेहरा मला परीक्षेच्या वर्गातून ओळखीचा होता. उत्तर चुकलेले नाही, प्रश्नच वेगळा वाचला गेला, हे कळलेल्या मुलाचा चेहरा तसा असतो.

सोमवारी नात शाळेत गेल्यावर सून मला म्हणाली, मामा, चला जरा. आम्ही दोन बस बदलून मुलाच्या कंपनीच्या भागात गेलो. आधी पाहिलेले घर केव्हाच भाड्याने गेले होते. मालकीणबाईंनी आम्हाला ओळखले. पाणी साठवणारे म्हणून आम्ही त्यांच्या लक्षात राहिलो होतो. त्यांनी त्याच गल्लीतील दुसऱ्या एका इमारतीत पाठवले. तिथले घर पहिल्यापेक्षाही लहान होते. एक खोली, एक अर्धी म्हणावी अशी खोली, स्वयंपाकघर. भाडे अंगणाच्या घरापेक्षा बरेच अधिक. सुनेने नळ उघडला नाही, मागील दारही उघडले नाही. खिडकीपाशी गेली आणि तिथून त्याच्या कंपनीची इमारत दिसते का, एवढे पाहिले. इमारत दिसत नव्हती, मध्ये दुसरी उंच इमारत होती. घर तिने घेतले.

घरी परतल्यावर पत्नीने विरोध केला, आणि तिचे म्हणणे असमंजस नव्हते. तीन खोल्यांतून दीड खोलीत जायचे, लिंब आणि अंगण सोडायचे, भाडे जास्त द्यायचे. मग पुणे काय वाईट होते? आम्ही आलो तर झोपायचे कुठे? आणि पाण्याचे काय? सून भाजी चिरत होती. ती म्हणाली, "आत्या, पाणी एखादं दिवस न्हाय आलं तर शेजारनं आणीन की. घरातलं माणूस कुटनं आणू?"

पत्नीने विचारले की मग पिंपांचे काय करणार. सून म्हणाली, मालकाला देऊन टाकू, लिंबाला लागतील.

त्यानंतर मी त्या लहान घरी एकदाच, एकटा, गेलो. कामानिमित्त गेलो होतो, एक रात्र राहिलो. बुधवार होता. दिवेलागणीला मुलगा घरी आला, तेव्हा नातीने वर पाहिलेसुद्धा नाही. ती पाढे लिहीत होती आणि त्याने पायातले काढायच्या आतच तिने त्याला पट्टी शोधून द्यायला सांगितले. त्याने ती शोधली. मग भाजी आळणी झाली यावरून नवरा-बायकोत थोडे बोलणे झाले. आम्ही चौघे जेवलो. जागा कमी असल्यामुळे माझे गुडघे भिंतीला लागत होते. पाहुण्यासमोर वाद घालू नये असे त्यांना वाटत नव्हते, इतके ते नेहमीचे झाले होते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. परवडणे आणि राहणीमान ही दोन कारणे पूर्ण असती, तर माझ्या मुलाचे कुटुंब हौद असलेल्या घरातून हलायला नको होते. ते घर स्वस्त होते आणि राहायला सर्व दृष्टींनी चांगले होते. ते सोडून ती तिघे महाग आणि अडचणीच्या जागेत गेली, आणि तिथे टिकली. याचा अर्थ, पुण्याहून हैदराबादला जाताना जे वाचवायचे होते ते केवळ भाडे नव्हते. मधल्या वारची संध्याकाळ हवी होती, आणि ती विकत घेण्याइतके भाडे पुण्यात देता येत नव्हते, हैदराबादेत देता येत होते. परवडते असे माणसे म्हणतात तेव्हा नेमके काय परवडते, हे बहुधा विचारायचे राहून जाते. त्यांनाही स्वतःला ते लगेच सांगता येत नाही. भाडे आणि रस्ते सांगणे सोपे असते. ते ऐकणाऱ्याला मान्य होते.

दुसरी बाजू नोंदवली नाही तर उत्तर अपुरे राहील. ज्या शनिवारी मुलगा आमच्या घरी झोपत असे, ते शनिवार आता नाहीत. पुण्यातील नोकरीमुळे त्याला आमच्याकडे दर आठवड्याला यावे लागे. हैदराबादच्या घरी तो रोज जातो, आमच्याकडे सणाला येतो. पत्नीने ते बूट वापरायला काढले आहेत आणि ती सकाळी आमच्या रस्त्यावर चालते. फळ्यावरची माझी रेघ या बाबतीत कमी पडत होती. मागे राहिलेल्यांसाठी तिच्यात जागा नव्हती.

एका कुटुंबावरून नियम काढू नये, असे मी वर्गात नेहमी सांगत असे, आणि इथेही ते लागू आहे. म्हणून वाचकांना एक साधी विनंती आहे. आपल्या ओळखीचे एखादे कुटुंब दुसऱ्या राज्यात राहायला गेले असेल, तर त्यांच्याकडे सुट्टीत किंवा सणाला न जाता मधल्या वारी जावे. तिथले भाडे, शाळा, हवा यांची चौकशी जरूर करावी. पण संध्याकाळी जेवायची वेळ होईपर्यंत थांबावे आणि कोण कोणाबरोबर जेवते ते पाहावे. माझे उत्तर तिथे चूक ठरले, तर ते चूक आहे असे धरावे.